घडवलेला झगमगाट

ग्लॅम मेटल हा पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतातील असा प्रकार आहे की, ज्याच्या ध्वनिमुद्रिका कोट्यवधींच्या संख्येने खपल्या, पण ज्याच्याविषयी गांभीर्याने लिहिणे समीक्षकांनी दीर्घकाळ टाळले. इलेक्ट्रिक गिटारचा स्वर ध्वनिवर्धकात मुद्दाम फाटू देऊन मिळवलेला जाड, खरखरीत नाद, त्याखाली घणासारखे पडणारे ड्रमचे ठोके आणि तारसप्तकात चढून गाणारा गायक ही हेवी मेटलची सर्वसाधारण ओळख मानली, तर ग्लॅम मेटलने त्या नादाला पहिल्याच श्रवणात ओठांवर बसेल असे ध्रुवपद दिले आणि त्याच्या वादकांना रंगवलेले चेहरे, फुलवून फवाऱ्याने ताठ बसवलेले केस, चामड्याचे तंग कपडे आणि चमचमत्या टिकल्या दिल्या. हे संगीत कृत्रिम आहे, हा त्याच्यावरचा सर्वांत जुना आणि सर्वांत टिकाऊ आक्षेप होय. या आक्षेपातील वस्तुस्थिती नाकारण्याचे कारण नाही. मात्र कृत्रिम म्हणजे खोटे, आणि खोटे म्हणजे हलके, ही जी पुढची पायरी गृहीत धरली जाते ती तपासून पाहावी लागते, आणि त्यासाठी डेफ लेपर्ड या इंग्लिश बँडच्या, १९८७ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हिस्टेरिया’ या अल्बमइतके योग्य उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे.

डेफ लेपर्डला ग्लॅम मेटलमध्ये बसवावे की नाही, याबद्दल एकमत नाही आणि स्वतः बँडने ते बिरुद कधी आनंदाने स्वीकारलेले नाही. ग्लॅम मेटलचे माहेर लॉस एंजेलिसमधील सनसेट स्ट्रिप हा रस्ता समजला जातो. व्हिस्की अ गो गो, रॉक्सी यांसारख्या तिथल्या नाट्यगृहवजा क्लबांत मॉट्ली क्रू, रॅट, क्वायट रायट आदी बँड वाढले, आणि क्वायट रायटचा ‘मेटल हेल्थ’ हा १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड अल्बम-यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचणारा पहिला हेवी मेटल अल्बम मानला जातो. १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झालेल्या एमटीव्ही या वाहिनीला दिवसरात्र दाखवण्यासाठी डोळ्यांत भरणारी माणसे हवी होती आणि या बँडांना डोळ्यांत भरायचे होते. त्या गरजांच्या मेळातून न्यू जर्सीचा बॉन जोव्ही आणि पेन्सिल्व्हेनियातून लॉस एंजेलिसला आलेला पॉयझन हे बँड १९८७ पर्यंत घराघरांत पोहोचले. या टोळीत इंग्लंडच्या उत्तर भागातील या बँडला उभे करताना अडचण जरूर होते, कारण त्याची सुरुवात १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये उसळलेल्या हेवी मेटलच्या नव्या लाटेत झाली होती, ज्या लाटेतून आयर्न मेडनसारखे कितीतरी कठोर स्वभावाचे बँड पुढे आले.

तरीही वंशावळ थोडी मागे नेली की चित्र बदलते. ‘ग्लॅम’ ही गोष्टच मुळात इंग्लंडची आहे. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात टी. रेक्सचा मार्क बोलन, डेव्हिड बोवी, स्लेड, स्वीट आणि मॉट द हूपल यांनी चकाकते कपडे, रंगवलेल्या पापण्या, टाळ्यांच्या तालावर चालणारी आखूड गाणी आणि स्त्री-पुरुष वेशांची सरमिसळ यांतून जे नाट्य उभे केले, त्याला ग्लॅम रॉक म्हणतात. डेफ लेपर्डचे वादक त्या वेळी शाळकरी मुले होती आणि दूरचित्रवाणीवरच्या त्या झगमगाटावर ती वाढली. ‘हिस्टेरिया’मधील ‘रॉकेट’ हे गाणे म्हणजे बालपणीच्या त्याच नायकांना, त्यांच्या नावांची आणि गीतशीर्षकांची माळ ओवून केलेला नमस्कार आहे, आणि त्याचा ठेका बुरुंडीच्या ढोलवादकांच्या एका जुन्या ध्वनिमुद्रणावरून सुचलेला आहे. म्हणजे कॅलिफोर्नियातील बँडांनी जो ग्लॅम अमेरिकेच्या वळणाने आत्मसात केला, तो डेफ लेपर्डला घरातूनच मिळाला होता. या अर्थाने तो बँड ग्लॅम मेटलच्या सीमेवर नसून त्याच्या मुळाशी अधिक जवळ आहे, असे म्हणणे योग्य ठरेल.

हे घर म्हणजे शेफील्ड. पोलाद, सुऱ्या आणि काटेचमचे यांसाठी शेकडो वर्षे नावाजलेल्या या शहरात १९१३ साली हॅरी ब्रेअर्ली यांनी गंज न धरणारे पोलाद शोधले. धातू वितळवणे, ठोकणे आणि मग तो आरशासारखा होईपर्यंत घासणे हा तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा होता. १९७७ साली एकत्र आलेल्या या मुलांनी आपला सराव चमचे बनवणाऱ्या एका कारखान्यातल्या खोलीत केला, हे त्यांच्या चरित्रातील निव्वळ रंजक तपशील म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर तोच धंदा मोडीत निघत होता. १९८० मध्ये ब्रिटनमधील पोलाद कामगारांचा देशव्यापी संप झाला, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत शेफील्डच्या कारखान्यांतील नोकऱ्या मोठ्या प्रमाणावर गेल्या. त्याच शहरातून त्याच काळात ह्यूमन लीग आणि कॅबरे व्हॉल्टेअर हे इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर संगीत रचणारे गट निघाले. या दोन घराण्यांचा एकमेकांशी संबंध नव्हता असे समजण्याचा प्रघात आहे, पण ‘हिस्टेरिया’ ऐकताना तो प्रघात डळमळीत होतो, कारण या अल्बमइतका यंत्राशी जुळवून घेतलेला गिटारप्रधान अल्बम त्यापूर्वी क्वचितच झाला असेल.

बँडला यंत्राकडे वळवणारा माणूस शेफील्डचा नव्हता. रॉबर्ट जॉन लँग, ज्यांना सर्वजण ‘मट’ लँग म्हणून ओळखतात, ते तेव्हाच्या उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात, जन्मले आणि दक्षिण आफ्रिकेत वाढले. पाश्चात्त्य ध्वनिमुद्रणात निर्माता म्हणजे पैसा घालणारी व्यक्ती नव्हे, तर गाण्याची रचना, वाद्यांची निवड, प्रत्येक आवाजाचा पोत आणि शेवटचे मिश्रण यांवर कलात्मक नियंत्रण ठेवणारी व्यक्ती. एसी/डीसीच्या ‘बॅक इन ब्लॅक’चे निर्माते म्हणून लँग यांचे नाव आधीच झाले होते. डेफ लेपर्डचा १९८१ मधील ‘हाय अँड ड्राय’ आणि १९८३ मधील ‘पायरोमेनिया’ हे दोन्ही अल्बम त्यांनीच घडवले. ‘पायरोमेनिया’ अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला आणि तिथेच अडला, कारण पहिल्या जागेवर मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ ठाण मांडून बसला होता. लँग यांनी त्यातून जो धडा घेतला तो त्या काळच्या रॉक संगीतकाराला सुचणे अवघड होते: ‘थ्रिलर’मध्ये भरतीचे गाणे नाही, त्यातले जवळजवळ प्रत्येक गाणे स्वतंत्र ध्वनिमुद्रिका म्हणून बाजारात उभे राहू शकते, तर तसाच एक अल्बम गिटारच्या संगीतात का करू नये? हेवी मेटलचा श्रोता आणि नृत्यसंगीताचा श्रोता यांच्यामध्ये अमेरिकेत जी भिंत मानली जात होती, तिच्यावरूनच ही कल्पना उडी मारत होती.

काम १९८४ च्या प्रारंभी डब्लिनमध्ये सुरू झाले आणि जवळजवळ लगेचच अडखळले. सततच्या श्रमांनी थकलेल्या लँग यांनी माघार घेतली. त्यांच्या जागी ‘बॅट आउट ऑफ हेल’ या अल्बमचे गीतकार-संगीतकार जिम स्टाइनमन यांना बोलावण्यात आले, पण ही जोडी जमली नाही. स्टाइनमन यांना वादक एकत्र वाजवताना जे उत्स्फूर्त घडते ते तसेच्या तसे टिपायचे होते आणि बँडला प्रत्येक स्वर पुन्हा पुन्हा तपासून, घासून घ्यायचा होता. हा केवळ स्वभावांचा खटका नव्हता. रॉक संगीतात एक श्रद्धा खोलवर रुजलेली आहे की, वाजवतानाचा क्षण हाच सत्य असतो आणि त्यावर केलेला प्रत्येक संस्कार त्या सत्याला थोडे थोडे झिजवतो. हिंदुस्थानी संगीताच्या रसिकाला ही श्रद्धा परकी वाटणार नाही, कारण मैफल ही आपल्याकडेही कलेची खरी जागा मानली जाते आणि ध्वनिमुद्रिका ही तिची आठवण. डेफ लेपर्डने नेमकी हीच श्रद्धा नाकारली. त्यांच्या लेखी ध्वनिमुद्रिका ही कोणत्याही मैफलीची आठवण नव्हती. ती स्वतःच मूळ वस्तू होती, आणि मैफलीने पुढे तिच्यापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न करावयाचा होता. स्टाइनमन यांना निरोप देण्यात आला, त्यासाठी बँडला पैसेही मोजावे लागले, आणि ध्वनिमुद्रक नायजेल ग्रीन यांच्या साहाय्याने हे पाच जण स्वतःच काम पुढे रेटू लागले.

३१ डिसेंबर १९८४ रोजी ड्रमवादक रिक ॲलन शेफील्डजवळच्या रस्त्यावर मोटार चालवत असताना अपघात झाला आणि त्यांचा डावा हात खांद्यापासून तुटला. शल्यचिकित्सकांनी तो पुन्हा जोडला, पण जंतुसंसर्गामुळे तो कायमचा काढून टाकावा लागला. ते तेव्हा एकवीस वर्षांचे होते आणि पंधराव्या वर्षापासून या बँडबरोबर वाजवत होते. ड्रमवादनात उजवा हात बहुधा झांजांवर लय चालवतो, उजवा पाय मोठ्या ढोलाचा खालचा ठोका देतो आणि डावा हात स्नेअर या तारा लावलेल्या, कडक आवाजाच्या ढोलावर तो ठोका देतो ज्यावर ऐकणाऱ्याची टाळी पडते. रॉक संगीताचा कणा म्हणजे हा टाळीचा ठोका, आणि तोच गेला होता. बँडने दुसरा वादक शोधला नाही. रुग्णालयात खाटेच्या पायथ्याशी घसरू नये म्हणून ठेवलेल्या फोमच्या तुकड्यावर ॲलन पायांनी ठेके वाजवून पाहू लागले आणि डाव्या हाताचे काम डावा पाय करू शकेल, ही शक्यता त्यांच्या ध्यानात आली. इलेक्ट्रॉनिक ड्रम बनवणाऱ्या सिमन्स या कंपनीच्या मदतीने पायाने दाबायच्या पट्ट्यांची अशी जुळणी तयार झाली की, पट्टी दाबताच विद्युतसंकेत जाऊन स्नेअरसारखे आवाज उमटावेत. साधने मिळाली तरी कष्ट उरलेच, कारण जन्मभर एका अवयवाने शिकलेली गोष्ट दुसऱ्याला शिकवायची होती, आणि तीही सेकंदाच्या शतांशात चुकली तरी कानाला खुपणारी.

१९८६ च्या उन्हाळ्यात आयर्लंडमधील काही छोट्या कार्यक्रमांसाठी स्टेटस क्वो या बँडचे जेफ रिच यांना आधाराला दुसरे ड्रमवादक म्हणून घेतले होते. एका कार्यक्रमाला त्यांना पोहोचायला उशीर झाला, ॲलन यांनी एकट्यानेच वाजवले आणि त्यानंतर दुसऱ्या वादकाची गरज उरली नाही. १६ ऑगस्ट १९८६ रोजी डोनिंग्टन येथील मॉन्स्टर्स ऑफ रॉक या महोत्सवात, हेवी मेटलच्या सर्वांत कडव्या रसिकांसमोर, ॲलन बँडबरोबर मंचावर आले. ज्या रसिकांना इलेक्ट्रॉनिक ड्रम म्हणजे विश्वासघात वाटत असे, त्याच रसिकांनी त्या दिवशी या ड्रमवादकाचे मनापासून स्वागत केले, ही घटना या संगीताच्या इतिहासात फार मोलाची आहे.

कृत्रिमतेचा प्रश्न इथे एका निराळ्या उजेडात दिसू लागतो. लँग कामावर परत आले तेव्हा त्यांच्या मनातला अल्बम आधीच यंत्रांच्या आधाराने उभा राहणार होता. त्यातले ड्रम हे एका बैठकीत वाजवून टिपलेले नाहीत. खऱ्या ढोलांचे सुटे ठोके आधी ध्वनिमुद्रित करून, ते संगणकात साठवून, मग हव्या त्या जागी बसवले आहेत, ज्याला सॅम्पलिंग म्हणतात. ज्या पद्धतीला शुद्धतावादी माणसाची हकालपट्टी समजत होते, त्याच पद्धतीने एका माणसाला त्याची जागा परत दिली. ॲलन यांचे वादन आणि या अल्बमचा ध्वनी यांच्यात तत्त्वाचा फरक नाही: दोन्ही ठिकाणी सलग हालचाल मोडून तिचे सुटे भाग केले गेले आणि ते नव्या क्रमाने, नव्या अवयवांनी पुन्हा जोडले गेले. अल्बमची योजना अपघाताआधीची असल्यामुळे एकाने दुसऱ्याला जन्म दिला असे म्हणता येणार नाही, पण दोन्हींची भेट झाली नसती तर ‘हिस्टेरिया’ हा एक अतिशय चतुर अल्बम झाला असता आणि तिथेच थांबला असता.

हा ध्वनी घडला कसा, हे थोडे तपशिलात पाहण्यासारखे आहे. स्टीव्ह क्लार्क आणि फिल कॉलन या दोघा गिटारवादकांनी भल्यामोठ्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीऐवजी बरेचसे काम रॉकमन नावाच्या, हातात मावणाऱ्या यंत्रावर केले. ते यंत्र बॉस्टन या बँडचे संस्थापक आणि शिक्षणाने अभियंते असलेले टॉम शोल्झ यांनी तयार केले होते. त्यातून निघणारा स्वर मूळच्या मेटल गिटारपेक्षा बारीक आणि नितळ असतो. एकटा ऐकला तर तो दुबळाही वाटेल. पण लँग यांना एक अवाढव्य स्वर नको होता, त्यांना अनेक बारीक स्वर एकमेकांना न झाकता शेजारी शेजारी ठेवायचे होते. काही जागी तर कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी छेडायच्या स्वरांचा समूह, तार तार सुटी वाजवून, प्रत्येक तार निराळ्या ट्रॅकवर ध्वनिमुद्रित करून नंतर एकत्र केली गेली, जेणेकरून त्या समूहातला प्रत्येक स्वर स्वच्छ कळावा. ‘हिस्टेरिया’ या शीर्षकगीताच्या सुरुवातीच्या गिटारीत हे काम ऐकू येते: दोन वादक एकच गोष्ट दुप्पट मोठ्याने न सांगता दोन अर्धी वाक्ये बोलतात आणि त्यांचे एक वाक्य ऐकणाऱ्याच्या कानात पुरे होते.

कंठस्वरांचेही तेच. मागून येणारा समूहस्वर, जो या बँडची सर्वांत ओळखीची खूण आहे, तो थोड्याच माणसांनी पुन्हा पुन्हा गाऊन, थरावर थर चढवून उभा केला आहे, आणि त्या थरांत स्वतः लँग यांचाही आवाज आहे. गायक जो एलियट यांचा आवाज कर्कश टोकाकडे झुकणारा, काहीसा दाणेदार असल्यामुळे त्याच्या मागे उभा केलेला हा गुळगुळीत समूह त्याला एखाद्या कोंदणासारखा धरून ठेवतो. हॉलंडमधील हिल्व्हरसम येथील विसेलॉर्ड स्टुडिओत, तसेच डब्लिन आणि पॅरिस येथे हे काम चालू राहिले. मध्ये लँग यांनाही मोटार अपघातात दुखापत झाली, एलियट गालगुंडाने आजारी पडले, आणि खर्च इतका वाढला की, अल्बमच्या काही लाख प्रती खपल्या तरी तो भरून निघणार नव्हता, त्यासाठी प्रतींचा आकडा पन्नास लाखांच्या आसपास जावा लागणार होता.

विलक्षण म्हणजे ज्या गाण्याने या अल्बमचे भाग्य फळाला आणले, ते सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी वेळात झाले. काम जवळजवळ संपलेले असताना मधल्या सुट्टीत एलियट गिटार घेऊन एक ध्रुवपद गुणगुणत होते, ते लँग यांच्या कानावर पडले आणि आणखी एक गाणे करायचेच असा त्यांनी आग्रह धरला. ते गाणे म्हणजे ‘पोअर सम शुगर ऑन मी’. त्यातील कडव्यांची शब्दफेक तेव्हा नव्याने लोकप्रिय होत असलेल्या रॅपच्या वळणाची आहे, ड्रमचा ठोका नृत्यसंगीताचा आहे आणि ध्रुवपद मात्र सरळ १९७३ सालच्या ब्रिटिश ग्लॅमचे आहे. या गाण्यात उत्स्फूर्तता आहे, पण ती यंत्राच्या विरोधात उभी नाही. तीन वर्षे घासून तयार झालेल्या हत्यारांमुळेच ते गाणे इतक्या चटकन आकाराला आले.

अल्बममधील सर्वच गाण्यांबद्दल असे बोलता येत नाही. उत्तरार्धातील काही गाणी कारागिरीच्या जोरावर तरून जातात आणि बासष्ट मिनिटांची लांबी एका तबकडीसाठी जास्त आहे. शब्दांची बाजू तर उघडच लंगडी आहे. ‘विमेन’ हे पहिलेच गाणे स्त्रियांच्या अस्तित्वाचा अर्थ पुरुषाच्या सुखापुरता लावते, आणि याबाबतीत डेफ लेपर्ड आपल्या काळाच्या आणि प्रकाराच्या पुढे गेले नाहीत. १९९३ मध्ये रॉबर्ट वॉल्सर या अमेरिकन संगीतशास्त्रज्ञाने हेवी मेटलवर लिहिलेल्या ‘रनिंग विथ द डेव्हिल’ या ग्रंथात ग्लॅम मेटलमधील स्त्रीवेशी साजशृंगार आणि पुरुषी सत्तेचे प्रदर्शन यांच्यातील ताणाचा गंभीर विचार केलेला आहे. जे पुरुष चेहऱ्याला रंग लावून प्रचलित पुरुषत्वाची थट्टा करत होते, तेच गाण्याच्या शब्दांत त्या पुरुषत्वाचा सर्वांत ढोबळ अवतार मिरवत होते, हा विरोध या प्रकाराला शेवटपर्यंत सोडवता आला नाही. दुसऱ्या बाजूला ‘गॉड्स ऑफ वॉर’ हे गाणेही याच अल्बममध्ये आहे, ज्यात शीतयुद्धाच्या काळातील युद्धखोरीचे भय आहे आणि ज्याच्या शेवटी रोनाल्ड रेगन आणि मार्गारेट थॅचर यांचे ध्वनिमुद्रित आवाज युद्धाच्या गदारोळात मिसळले आहेत. आणि ‘लव्ह बाइट्स’ हे पॉवर बॅलड, म्हणजे हळुवार सुरुवात करून गिटारच्या गजरापर्यंत चढत जाणारे प्रेमगीत, मूळ लँग यांनी जवळजवळ अमेरिकन ग्रामीण, अर्थात कंट्री, वळणात आणले होते. त्या गाण्यातील प्रेमाविषयीची शंका आणि भीती ही ‘विमेन’च्या उद्धटपणाला अल्बमनेच दिलेले उत्तर वाटते.

यश हळूहळू आले. ब्रिटनमध्ये अल्बम लगेच पहिल्या क्रमांकावर गेला, पण ज्या अमेरिकेवर सगळा हिशेब अवलंबून होता तिथे त्याला पहिल्या जागेपर्यंत पोहोचायला जुलै १९८८ उजाडले, म्हणजे जवळजवळ एक वर्ष लागले. दरम्यान बँड प्रेक्षागृहाच्या मधोमध उभारलेल्या, चारही बाजूंनी उघड्या मंचावर वाजवत देशभर फिरत होता, जिथे ॲलन यांच्या पायांची हालचाल प्रत्येक दिशेच्या प्रेक्षकाला दिसू शकत होती. ऑक्टोबर १९८८ मध्ये ‘लव्ह बाइट्स’ अमेरिकेच्या गीतयादीत पहिले आले. या बँडला तिथे मिळालेले ते एकमेव पहिले स्थान. बारा गाण्यांपैकी सात गाणी स्वतंत्र ध्वनिमुद्रिका म्हणून निघाली, म्हणजे ‘थ्रिलर’ने काढली तितकीच. एकट्या अमेरिकेत या अल्बमला १ कोटी २० लाख प्रतींचे प्रमाणपत्र मिळाले आहे.

त्यानंतर जे झाले ते नेहमी एकाच पद्धतीने सांगितले जाते: सप्टेंबर १९९१ मध्ये सिएटलच्या बाजूचा निर्वाना हा बँड ‘नेव्हरमाइंड’ घेऊन आला, फाटके कपडे आणि खडबडीत आवाज यांनी चकाकीला क्षणात हास्यास्पद ठरवले, आणि ग्लॅम मेटलला मग ‘हेअर मेटल’ म्हणजे केसांचे संगीत असे तुच्छतादर्शक नाव चिकटले. या कथेत तथ्य आहे, कारण १९९० पर्यंत ध्वनिमुद्रण कंपन्यांनी एकाच साच्यातून इतके बँड काढले होते की श्रोते स्वतःच कंटाळले होते. परंतु डेफ लेपर्डची जखम वेगळी होती. ८ जानेवारी १९९१ रोजी स्टीव्ह क्लार्क लंडनमधील आपल्या घरी मृत्यू पावले. मद्य आणि औषधे यांनी तीस वर्षांच्या या वादकाला संपवले. ‘हिस्टेरिया’च्या अर्ध्याअधिक सौंदर्याचे श्रेय ज्या तिरक्या, अनपेक्षित जागी वळणाऱ्या गिटारवाक्यांना जाते, ती बहुतांशी त्यांची होती. १९९२ मधील ‘अॅड्रिनलाइझ’ निर्वानाच्या ऐन भरात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, पण त्यात ती वळणे कमी झालेली ऐकू येतात. १९९६ मध्ये ‘स्लँग’ या अल्बमात बँडने काळाला शरण जाऊन थर उतरवले, ध्वनी कोरडा आणि उघडा ठेवला. तो प्रामाणिक प्रयत्न होता, त्यात चांगली गाणीही आहेत, पण श्रोत्यांनी त्याकडे पाठ फिरवली. हा बँड अंगावरची चकाकी उतरवून अधिक खरा झाला असे कोणालाच वाटले नाही.

‘हिस्टेरिया’चा खरा वारसा गिटारच्या संगीतात शोधू नये. लँग यांनी पुढे कॅनडाच्या गायिका शनाया ट्वेन यांच्याबरोबर १९९५ मध्ये ‘द वूमन इन मी’ आणि १९९७ मध्ये ‘कम ऑन ओव्हर’ हे अल्बम केले. फिडल आणि स्टील गिटार बाजूला सारले, की त्यांखाली तेच थर, तेच सुटे सुटे स्वर, प्रत्येक गाणे स्वतंत्र उभे राहील असा तोच हट्ट दिसतो, आणि ‘कम ऑन ओव्हर’ जगातील सर्वाधिक खपलेल्या अल्बमांपैकी एक ठरला. स्वीडनमध्ये इट्स अलाइव्ह नावाच्या ग्लॅम मेटल बँडचा गायक असलेला एक तरुण गायन सोडून स्टॉकहोममधील चेरॉन स्टुडिओत गीतकार-निर्माता झाला. तो म्हणजे मॅक्स मार्टिन, ज्याने १९९८ मधील ‘...बेबी वन मोअर टाइम’पासून आजपर्यंतच्या पॉप संगीताचा साचा ठरवला. २००८ मध्ये टेलर स्विफ्ट यांनी नॅशव्हिलमध्ये डेफ लेपर्डबरोबर एकत्र कार्यक्रम केला तेव्हा तो अनेकांना विचित्र योग वाटला, पण त्या दोघांची गाणी एकाच कारखान्याच्या पद्धतीने घडलेली आहेत हे ज्यांना ऐकू येत होते त्यांना त्यात विचित्र काही नव्हते. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने बँडला सन्मानित करायला २०१९ साल उजाडावे लागले, आणि त्या प्रसंगी त्यांची ओळख करून द्यायला क्वीनचे ब्रायन मे उभे होते, ज्यांच्या स्वतःच्या बँडने थर चढवलेल्या आवाजांची ही परंपरा खूप आधी सुरू केली होती.

२०१२ मध्ये इंटरनेटवरील विक्रीच्या मोबदल्यावरून ध्वनिमुद्रण कंपनीशी मतभेद झाल्यामुळे बँडने आपली जुनी गाणी स्वतःच नव्याने ध्वनिमुद्रित करायचे ठरवले, आणि ‘पोअर सम शुगर ऑन मी’ हे त्यांतले एक होते. एव्हाना कोणत्याही साध्या संगणकावर १९८७ सालच्या संपूर्ण स्टुडिओपेक्षा अधिक शक्ती होती, वाजवणारी माणसे बहुतेक तीच होती, गाणे त्यांना झोपेतही येत होते. तरीही हुबेहूब तोच ध्वनी उभा करण्यासाठी त्यांना आपल्याच जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकड्या-तुकड्याने अभ्यास करावा लागला: कोणता स्वर कुठे ठेवला होता, कोणत्या आवाजाने कोणता आवाज झाकला होता, पंचवीस वर्षांपूर्वीच्या गळ्याचा दाणेदारपणा आता कसा आणायचा. जानेवारी २०१८ मध्ये तडजोड होऊन मूळ अल्बम इंटरनेटवर उपलब्ध झाले आणि या प्रतिकृतींची व्यावहारिक गरज संपली. दोन्ही ध्वनिमुद्रणे शेजारी शेजारी ठेवून ऐकली, तर नवी बरीच जवळ जाते, आणि मूळ ध्वनिमुद्रणात ढोलाचा एक ठोका, जो कोणाच्याही हाताने त्या क्षणी वाजवलेला नाही, तरीही अधिक जड पडतो.